चौतीस वर्षांचे खवले

संशोधन केंद्र, स्काटनेस
१४ सप्टेंबर २०१४

ती. बाबांस,
गूरोचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. फोनवर तुम्ही नुसतं हूं हूं करता, पाऊस आहे एवढं सांगता आणि फोन आत्याच्या हातात देता, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला तुम्ही उत्तर देता, हे मला वसतिगृहात होते तेव्हापासून ठाऊक आहे.

खोली चांगली आहे. खिडकीतून फ्योर्डचं पाणी दिसतं आणि माशांच्या नऊ टाक्यांची पत्र्याची छपरं. गुरुवारी जेवणात कॉड आणि उकडलेले बटाटे असतात, पण बटाटे आपल्या वावरातल्यासारखे नाहीत, पाणचट आहेत. इथे सगळे शिकलेल्या घरांतले. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाची आई प्राध्यापक. माझे वडील हॅचरीत माशांची पिल्लं वाढवतात असं मी सांगितलं तेव्हा सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. पण माझे मार्गदर्शक हालगाइर खुर्ची ओढून माझ्याशेजारी आले आणि तासभर तुमच्याबद्दलच विचारत बसले.

काम असं आहे. पाणी कोमट ठेवलं आणि दिवे चोवीस तास जळत ठेवले की सॅमन लवकर वाढतो, पण त्यातले नर वेळेआधीच वयात येतात. अर्धा किलोही भरत नाहीत आणि नवरदेव होऊन बसतात. अंग तपकिरी पडतं, खालचा जबडा आकड्यासारखा वळतो, खाणं सुटतं, आणि खाऱ्या पाण्यात सोडले की मरतात. तुम्हाला हे मी काय सांगणार? हेसविकात गेली तीन वर्षं तुम्ही असलेच मासे बादल्या भरभरून फेकता आहात. आता असं दिसतं आहे की यात एका जनुकाचा मोठा हात आहे. त्याच्या दोन तऱ्हा असतात: एक माशाला लवकर वयात आणते, दुसरी उशिरा. कुठल्या माशात कुठली तऱ्हा आहे, हे एका खवल्यावरून कळतं. खवला जुना असला तरी चालतो.

म्हणून एक मागणं आहे. तुम्ही दर नोव्हेंबरात गाभोळी पिळण्याच्या दिवशी प्रत्येक नराचे चार खवले काढून छोट्या पाकिटात ठेवता, वर तारीख आणि वजन लिहिता. ती पेटी काही दिवस मला द्याल का? प्रत्येक पाकिटातला एकच खवला घेईन. नको वाटलं तर तसं कळवा, मला वाईट वाटणार नाही. (वाटेल, पण दाखवणार नाही.)

आत्याच्या कमरेची काळजी घ्या. तिला जिन्यावरून कोळसे आणू देऊ नका.

माया आहे तेवढी असू द्यावी, कमी पडू देऊ नये.
आपली
गूरो


हेसविका
२८ सप्टेंबर २०१४

चि. गूरोस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. पेटी सोमवारच्या बोटीने पाठवतो. १९७९ ते २०१३, मधलं एकही वर्ष सुटलेलं नाही. तुझी आई गेली त्या नोव्हेंबरातलीसुद्धा पाकिटं आहेत. एकच खवला घेईन वगैरे काय लिहितेस, शेजाऱ्याकडे साखर मागायला आल्यासारखं? सगळे घे.

नर कसे निवडले तेही लिहून घे, तुमच्या कागदात लागेल. भावंडं चार वर्षांनी तयार होतात. त्यांच्यातला एखादा तिसऱ्याच वर्षी तयार असतो. पोटाला अंगठा लावला की लगेच वीर्य सोडतो. तो मी ठेवत आलो. माझे वडील नदीतल्या माशांचं असंच करायचे. वर्षभर आधी कामाला लागतो तो गडी चांगला. मीसुद्धा चौदाव्या वर्षी बोटीवर गेलो. ताटकळत ठेवणारा मासा नको आणि माणूसही नको. (तू अठ्ठाविसाव्या वर्षी अजून शाळेत आहेस, तो विषय मी काढत नाही.)

आता कामाचं. नवा मॅनेजर प्रेबेन ओस्लोहून आलाय. बूट इतके स्वच्छ की टाकीपाशी येताना पाय कुठे ठेवू असं त्याला होतं. तो म्हणतो, आनफिन, तुझ्या माशांची जातच उतावळी आहे. मे महिन्यापर्यंत हेडऑफिस ठरवणार. एकतर आपली जात ठेवायची, नाहीतर सगळी मारून बाहेरून अंडी विकत आणायची. बाहेरून आणली तर नर-मादी पाळायचं आमचं खातंच बंद, आणि आम्ही सहा जण घरी. मी म्हणतो, थंड पाण्यात तीस वर्षं कुणाची तक्रार नव्हती. तुम्ही पाणी तापवलंत, रात्रीचे दिवे लावलेत, तिथून हे सुरू झालं. तो हसतो. म्हणतो, हे तुला कुणी सांगितलं, माशांनी?

मग जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसले असताना, मी त्याला सांगितलं की माझी मुलगी हेच शिकते आहे. ती जे लिहील ते मी इथे आणून तुझ्या हातात देईन. मी मानीन, तूही मान. तो चालेल म्हणाला. आम्ही हात मिळवला.

तेव्हा सावकाश बघ. घाई करू नकोस.

तुझी आठवण इथे रोज निघते, तूही काढत जा.
बाबा


स्काटनेस
११ जानेवारी २०१५

प्रिय आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. वाचून तुझ्या लोकरीच्या टोपलीत ठेव.

बाबांच्या पेटीतले चारशे बारा खवले तपासून झाले. १९७९ सालच्या नरांत दहांपैकी चारांत लवकरची तऱ्हा होती. १९९० साली सहांत. २०१३ साली दहांपैकी नऊ. आत्या, हे आपोआप झालेलं नाही. दर वर्षी जो आधी वयात आला तोच बाबांनी बाप म्हणून निवडला, आणि चौतीस वर्षं ते एकच गोष्ट गोळा करत गेले. पाणी थंड होतं तोवर ती झाकलेली राहिली. पाणी तापलं आणि ती वर आली. प्रेबेन म्हणतो ते खोटं नाही. बाबा म्हणतात तेही खोटं नाही.

मी तीनदा तपासलं. तिसऱ्या वेळी पाकिटांवरची वर्षं झाकून दुसऱ्या मुलीकडून करून घेतलं, माझ्या मनात काही असेल तर ते हाताला लागू नये म्हणून. आकडे तेच आले.

हालगाइरना दाखवलं. ते खूष झाले, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, टाक्यांवरच्या प्रयोगाचं आपल्याकडे भरपूर आहे, जुने खवले या लेखात घातलेच पाहिजेत असं नाही. तू ठरव. ते चांगल्या मनाने म्हणाले. पण त्यांनी घाल असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला सांगितलं म्हणून केलं असं म्हणता आलं असतं.

मी काय करू? बाबा दर रविवारी फोनवर हूं हूं करून शेवटी विचारतात, झालं का? मी सांगते, अजून नाही. मी त्यांच्याशी आजवर खोटं बोलले नव्हते.

तुझा लोभ मला आज जास्त हवा आहे.
तुझी
गूरो


हेसविका
१९ जानेवारी २०१५

चि. गूरो हिस
आत्याचे अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि टोपलीत नाही, चुलीत घातलं. माझी कमर ठीक आहे, विचारल्याबद्दल आभार. विचारलं नव्हतंस म्हणा.

तू मला विचारतेस काय करू. मी सातवी शिकलेली बाई, तरी सांगते. गप्प बस. तुझे साहेब स्वतः म्हणतात नको घालूस, तर तुला कुठली खाज आहे? तुझा बाप प्रार्थनाघरात, दुकानात, बोटीच्या धक्क्यावर, भेटेल त्याला सांगतो की गूरो लिहून देणार आहे. काल त्या ओद्वारला सांगत होता. ओद्वार त्याच्याच खात्यात, त्याला घरी दोन लहान मुलं. तो म्हणाला, आनफिन, तुझ्या मुलीच्या हातात आमची भाकर आहे. तुझ्या बापाने छाती काढून हो म्हटलं. आता तू त्या छातीवर काय ठेवणार आहेस ते बघ.

लहानपणापासून तू अशीच. दुकानदाराने चुकून एक पाव जास्त दिला तर अर्ध्या वाटेवरून परत जायचीस, आणि घरी आम्ही चहा थंड करत बसायचो. सगळ्यांना वाटायचं, किती गुणाची पोर. मला वाटायचं, हिला माणसांपेक्षा आपलं मन स्वच्छ ठेवण्याची काळजी जास्त.

एवढं लिहिलं, आता राग येऊ दे. पण ऐकणार नसशीलच, आणि तू ऐकणार नाहीस, तर निदान त्याला आधी सांग. छापलेल्या कागदातून त्याला कळू देऊ नकोस. एवढी लाज ठेव.

बोलले ते विसर, माया विसरू नकोस.
आत्या


स्काटनेस
८ फेब्रुवारी २०१५

ती. बाबांस,
गूरोचा शि. सा. न. वि. वि.

बाबा, काम झालं आहे. लेख अजून कुठेही पाठवलेला नाही. तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिते आहे. दोन्ही पानं सावकाश वाचा.

तुमच्या नरांमध्ये लवकर वयात आणणारी तऱ्हा १९७९ साली दहांत चार होती, २०१३ साली दहांत नऊ आहे. ही वाढ निवडीमुळे झाली. तिसऱ्या वर्षी तयार झालेला नर तुम्ही दर नोव्हेंबरात बाप म्हणून घेतलात, त्याची मुलंही तशीच निघाली, त्यांतले सगळ्यांत उतावळे पुन्हा तुम्ही घेतलेत. हेसविकाची जात आज उतावळी आहे, आणि ती तशी हॅचरीतल्या निवडीने झाली आहे. मी हे अनेकदा तपासलं. यात शंका उरलेली नाही. तुमच्या जागी कुणीही असता तरी त्याने हेच केलं असतं, कारण तेव्हा हे बघायचं साधन नव्हतं. तरी जे आहे ते लिहिणं मला भाग आहे.

(पान उलटावं.)

आता दुसरी बाजू. केंद्राने हेसविकाहून आणवलेले तुमचेच मासे आम्ही इथे गेल्या वर्षापासून थंड पाण्यात, रात्री दिवे न लावता वाढवून पाहिले. शंभरांत तीन नर वयात आले. तेच मासे कोमट पाण्यात आणि चोवीस तास दिव्यांखाली ठेवले तर शंभरांत अडतीस. बाहेरून आणलेल्या अंड्यांचे मासेसुद्धा कोमट पाण्यात ठेवले, त्यांतही शंभरांत बावीस निघाले. म्हणजे नुसती जात बदलून हे थांबणार नाही. पाणी आणि दिवे बदलले नाहीत, तर नव्या माशांचंही तेच होईल. तुमचं म्हणणं खरं होतं.

आणि जात सुधारता येते. तुम्ही नोव्हेंबरात बिल्ल्यांच्या नंबरांसकट पाठवलेले नवे खवलेही मी तपासले; तुमच्या आजच्या नरांत एकोणीस असे आहेत, ज्यांच्यात उशिराची तऱ्हा आहे. त्यांच्या बिल्ल्यांचे नंबर खाली लिहिले आहेत. येत्या नोव्हेंबरात फक्त तेच घ्या. मी येऊन स्वतः तपासून देईन. दोन-तीन पिढ्यांत जात रुळावर येईल.

रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा. माझ्यावरची माया यापुढेही असू द्यावी, अशी भीत भीत विनंती.
आपली
गूरो


हेसविका
१५ फेब्रुवारी २०१५

चि. गूरोस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ते प्रेबेनच्या हातात दिलं. तसं ठरलं होतं. त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. पहिलं पान झाल्यावर म्हणाला, मला वाटतं हे पुरेसं आहे. मग कागद घेऊन झेरॉक्सच्या यंत्राकडे गेला. कॉपी त्याच दिवशी हेडऑफिसला गेली. मूळ पत्र मला परत दिलं, धन्यवाद म्हणाला. मागची बाजू कुणी वाचली नाही.

ओद्वारने विचारलं, आनफिन, हे खरं आहे का? मी म्हटलं, तिने लिहिलंय म्हणजे खरं आहे.

खवल्यांची पेटी परत पाठवायची घाई नाही.

बाबा


हेसविका
३ मे २०१५

चि. गूरो हिस
आत्याचे आशीर्वाद.

तुझी चार पत्रं आली. त्याने चारही उघडली, वाचली, घडी घालून ठेवली. उत्तर का देत नाही ते मला विचारू नकोस. प्रेबेनला तू लिहिलेलं पत्रही पोचलं म्हणे. तुला उत्तर आलं का, की अशा सूचनांचं आम्ही नेहमी स्वागत करतो? ओद्वारने सांगितलं, तेच उत्तर तो सगळ्यांना देतो.

मंगळवारी सगळे मासे मारले. तीनशे चाळीस. बाहेरून माणसं आणणार होते, पण आनफिन म्हणाला, माझे आहेत, मी करतो. सकाळी सातला गेला. तुझे ते एकोणीस त्याने आधीच वेगळ्या टाकीत काढून ठेवले होते, नंबर बघून, तुझा कागद हातात धरून. प्रेबेन आला आणि म्हणाला, ही टाकी राहिली. तुझ्या बापाने त्याच्याकडे बघितलं, आणि तीही केली.

ओद्वारने मला आणखी एक सांगितलं, ते तुला सांगते. त्या शुक्रवारी प्रेबेन पहिलं पान वाचून थांबला तेव्हा तुझा बाप समोरच टोपी हातात धरून उभा होता. मागे काय लिहिलंय ते त्याला ठाऊक होतं. पान उलटा, एवढेच दोन शब्द बोलायचे होते. बोलला नाही. मी घरी विचारलं, का रे, तोंडाला कुलूप लागलं होतं? तर म्हणाला, मी तिचं लिहिणं मानीन असा शब्द दिला होता. मुलीने चूक दाखवल्यावर लगेच आपल्या फायद्याचं वाचायला लावायचं, हे मला जमत नाही.

आता तो दोन बोटी बदलून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मासळीच्या कारखान्यात जातो. पट्ट्यावरून सोललेले मासे येतात, त्यांतले काटे चिमट्याने काढायचे. बाजूला विशीतल्या पोरी असतात. त्या म्हणतात, आजोबा, तुमचा हात हळू चालतो. ओद्वार बायकामुलांना घेऊन त्रोंधाइमला गेला. जाताना मला भेटला, त्याला भेटला नाही.

मी तुला दोष देत नाही. देते, पण कमी करायचा प्रयत्न करते आहे. उन्हाळ्यात येऊ नकोस, पुढच्या वर्षी ये.

आत्या


हेसविका
१० एप्रिल २०१६

गूरोस,

तुझा छापलेला लेख मिळाला. तुझ्या आत्याने शब्दकोश घेऊन मला वाचून दाखवला. चांगला आहे.

बाहेरून आणलेल्या माशांचं तुला कुणी कळवलं असेल-नसेल. टाक्यांत नर तपकिरी पडायला लागले आहेत. प्रेबेनने परवा घरी फोन केला. म्हणाला, आनफिन, शंभरांत पंचवीस, काय करावं? मी सांगितलं, पाणी गार करा. तो म्हणाला, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. नंतर विचारत होता, तुझ्या त्या जुन्या जातीतले काही कुठे उरलेत का? मी फोन ठेवला.

एक विचारायचं होतं. वर्षभर विचारीन म्हणतो. तुझं ते पत्र मी पुष्कळदा काढून बघितलं. माझी चूक पहिल्या पानावर आहे आणि पाण्याची चूक मागे आहे. तू लहानपणापासून काही सांगताना बरं ते आधी सांगायचीस आणि वाईट ते मागून. या वेळी उलटं का केलंस? रागाने विचारत नाही. मला समजून घ्यायचं आहे.

आनफिन


स्काटनेस
१७ एप्रिल २०१६

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. मी स्वतःहून सांगितलं नसतं.

त्या पत्राचा पहिला खर्डा माझ्याकडे आहे. त्यात पाणी आणि दिवे आधी आहेत, पहिल्या पानावर, आणि खाली ते एकोणीस नंबर. जातीचं मागच्या पानावर आहे. ते पत्र पाकिटात घातलं होतं, वर पत्ताही लिहिला होता. तुम्ही ते प्रेबेनला देणार, हे मला ठाऊक होतं. तुम्हीच कळवलं होतंत. वाचणारा माणूस कुठे थांबतो, हेही मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मग माझ्या मनात आलं की मी हे पाणी आधी लिहिते आहे, ते आकडे तसे सांगतात म्हणून, की तुम्ही माझे बाबा आहात म्हणून? याचं उत्तर मला देता येईना. देता येत नाही, म्हणजे मी तुमची बाजू घेते आहे, असं मी धरलं. म्हणून पाकीट फोडलं आणि पानांची अदलाबदल करून पुन्हा लिहिलं. तेव्हा मला हलकं वाटलं, बाबा. चहा करून प्यायले.

आकडे दोन्ही खर्ड्यांत तेच आहेत. दुसऱ्या कुणाच्या वडिलांना लिहायचं असतं, तर मी पाणीच आधी लिहिलं असतं, कारण जे अजून बदलता येतं ते आधी सांगावं, असं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

पान उलटा असं तुम्ही का म्हणाला नाहीत, ते आत्याने मला कळवलं होतं. तेव्हापासून तुम्हाला हे लिहायचं होतं आणि धीर होत नव्हता.

माया मागण्यासारखं माझ्याजवळ काही उरलेलं नाही. तरी मागते आहे.
गूरो